कोयनेची वीजनिर्मिती: घाटाखाली सोडलेलं पाणी कशासाठी?

पोफळीकर

एप्रिल-मे आला, शिवसागराची, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाची, पातळी उतरायला लागली की एक मागणी हमखास डोकं वर काढते. कोयनेची वीज बंद करा आणि राहिलेलं पाणी पूर्वेला सोडा. मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर यावरून बरीच तोंडातोंडी झाली. सौरऊर्जा एवढी स्वस्त झाल्यावर हे जुनं धूड चालू ठेवायची गरजच काय, असंही एकाने लिहिलं. माझे वडील पोफळीच्या वीजगृहात नोकरीला होते आणि माझं बालपण अलोऱ्याच्या वसाहतीत गेलं, त्यामुळे ते वाक्य मला लागलं. पण तिथे विषयांतर होत होतं, म्हणून हा वेगळा धागा.

आधी भूगोल. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. धरण या वळणाच्या जवळच आहे. नदीला लागूनच पश्चिमेला सह्याद्रीची धार आणि धारेपलीकडे एकदम खाली कोकण. पूर्वेला जाणारं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवलं की पावणेपाचशे मीटरहून जास्त उतार आयता मिळतो. धरणाची भिंत १०३ मीटर उंच आहे, तिचं कौतुक आहेच, पण वीज होते ती मुख्यतः या घाटाच्या उतारावर. नवजाच्या बाजूने पाणी बोगद्यात शिरतं, डोंगराच्या पोटातून येतं आणि दाबनलिकांतून खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरतं.

पहिल्या टप्प्याची वीज १९६२ मध्ये सुरू झाली. दुसरा टप्पा त्याच गुहेत, पहिल्याला लागून. दोन्ही मिळून आठ संच, म्हणजे टर्बाइन-जनित्राच्या जोड्या, ६०० मेगावॅट. तिथून बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून पुन्हा एकदा वापरायचं हा तिसरा टप्पा, ३२० मेगावॅटचा. चौथा टप्पा सगळ्यात मोठा, २५० मेगावॅटचे चार संच. त्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी लेक टॅपिंग केलं. भरलेला जलाशय रिकामा न करता तळाखालून बोगदा खणत न्यायचा, शेवटी खडकाची एक बूच ठेवायची आणि ती सुरुंगाने उडवायची. देशात असं पहिल्यांदाच झालं. २५ एप्रिल २०१२ ला पुन्हा एकदा केलं. याशिवाय धरणाच्या पायथ्याशी एक छोटं वीजगृह आहे, पूर्वेला सोडलेल्या पाण्यावर चालणारं. सगळं धरून क्षमता १९६० मेगावॅटच्या घरात जाते.

आता पाण्याची मर्यादा. जलाशयाची साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, पश्चिमेला वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. १ जून ते ३१ मे असं ते पाणीवर्ष. त्यामुळे मनाला येईल तितकी वीज करता येत नाही.

माझं म्हणणं इतकंच की कोयनेची किंमत नुसत्या युनिटांत काढली तर ती कधीच कळणार नाही. राज्याला तिची गरज कोणत्या तासाला लागते ते बघा आणि मग बंद करायचं की नाही ते बोलू.

माणदेशी

धागा चांगला काढलात, माहितीही नीट दिलीत. पण मी आटपाडी भागातला आहे, त्यामुळं दुसरी बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही.

कोयना कराडला कृष्णेत मिळते आणि तिथून थोडं खाली टेंभूला आमच्या योजनेचं पाणी उचललं जातं. पुढं टप्प्याटप्प्यानं चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी, सांगोला. ताकारी आणि म्हैसाळ याच नदीवर. पावसाळ्यात कृष्णेला पूर असतो, तेव्हा पाण्याची चिंता नसते. फेब्रुवारीनंतर नदीत जे पाणी दिसतं त्यात कोयनेतून सोडलेल्या पाण्याचा वाटा मोठा. पायथ्याच्या वीजगृहातून २१०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला २१०० घनफूट, सोडले अशी बातमी आली की आमच्याकडं माणसं मोटारींची तयारी करतात. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, आठ दिवस लांबलं तर डाळिंबाची फुलगळ होते, आणि एकदा बहार गेला की वर्ष गेलं. मी हे शेतात उभं राहून बघितलंय. फांदीवर बोटानं नुसतं टिचकी मारली तरी फुलं खाली पडायची.

मूळ खोऱ्यातलं पाणी खोऱ्याबाहेर काढायचं, त्यावर वीज करायची आणि ते समुद्राला सोडून द्यायचं, हे दुष्काळी माणसानं कसं पचवायचं? वीज कोळशावर होते, उन्हावर होते, वाऱ्यावर होते. पाणी कशावर होतं?

निशिगंध

माणदेशी, शेवटचं वाक्य पटलं. पण एक शंका आहे. उपसा योजनांनाही वीज लागतेच ना? मग एका टीएमसीमागे पश्चिमेला किती वीज होते आणि पूर्वेला किती, याचा हिशेब कोणी मांडेल का? त्याशिवाय चर्चा हवेत राहील.

गाईडव्हेन

मी जलविद्युत केंद्रांतच नोकरी करून निवृत्त झालो. हिशेब सोपा आहे, शाळेतल्या भौतिकशास्त्राने निघतो.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे साधारण २.८३ कोटी घनमीटर. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. एक टन पाणी ४८० मीटर खाली आलं की सुमारे १.३ युनिटइतकी ऊर्जा मोकळी होते. बोगद्यातलं घर्षण, टर्बाइन, जनित्र यांतली घट वजा करा, हातात साधारण १.१५ युनिट राहतं. म्हणजे एका टीएमसीला सव्वातीन कोटी युनिट. तेच पाणी कोळकेवाडीला आणखी १०९ मीटर उतरतं, त्याचे पाऊण कोटीच्या आसपास. एकूण धरा चार कोटी युनिट. ६७.५ टीएमसी पूर्ण वापरलं तर वर्षाला पावणेतीनशे कोटी युनिटच्या घरात.

पूर्वेला पायथ्याच्या वीजगृहात उतार जलाशय भरलेला असताना कसाबसा साठ मीटर. तिथे एका टीएमसीला चाळीस लाख युनिट. थोडक्यात एकास दहा. शिवाय तिथले दोन संच पूर्ण चालवले तरी २१०० क्युसेकच जातात, म्हणजे दिवसाला ०.१८ टीएमसी. त्याहून जास्त सोडायचं तर दरवाजे उघडावे लागतात आणि त्या पाण्यावर एक युनिटही होत नाही.

आता पोफळीकरांनी तासाचा मुद्दा काढला तो. १९६० मेगावॅट वर्षभर अखंड चालले असते तर १७०० कोटी युनिटहून जास्त झाले असते. होतात पावणेतीनशे. म्हणजे क्षमतेच्या जेमतेम सोळा टक्के. ज्याला आत काय चालतं ते माहीत नाही तो म्हणेल, हे तर आजारी केंद्र. पण योजनाच तशी आहे. सगळे संच एकदम पूर्ण ताकदीने दिवसाला पावणेचार तास चालवायचे एवढंच पाणी आहे. ते पावणेचार तास कोणते, यावर सगळं ठरतं. चौथ्या टप्प्याने पाणी वाढवलं नाही, त्याच पाण्यातून थोड्या वेळात जास्त ताकद काढायची सोय केली.

पन्नास_हर्ट्झ

गाईडव्हेन काकांच्या शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. मी वीज पारेषणाच्या क्षेत्रात आहे, त्या तासांबद्दल लिहितो.

विजेच्या जाळ्यात त्या क्षणी जेवढी मागणी तेवढीच निर्मिती लागते. देशभरातली सगळी मोठी जनित्रं एकाच जुवाला जुंपल्यासारखी एका लयीत फिरतात. ती लय म्हणजे ५० हर्ट्झ. मागणी वाढली की लय किंचित मंदावते, घटली की चढते. ४९.९ ते ५०.०५ या पट्ट्यात ती ठेवायची असते. औष्णिक संच थंड असेल तर पेटवून पूर्ण भारावर आणायला कित्येक तास लागतात, आणि चालू संचाचा भारही हळूहळूच वाढवता येतो. जलविद्युत संच बंद अवस्थेतून काही मिनिटांत जाळ्याला जोडला जातो.

सौरऊर्जेमुळे कोयना नकोशी होईल असं कोणी लिहिलं होतं ना, प्रत्यक्षात उलट घडतंय. दुपारी सौर वीज भरपूर असते. साडेपाच-सहाला ती ओसरायला लागते, नेमकं त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर लागतात. तास-दीड तासात हजारो मेगावॅटची जागा भरायची असते. जितकी सौर वाढेल तितकी ही चढण उभी होत जाणार. ती चढायला महाराष्ट्राकडे कोयनेएवढं मोठं दुसरं साधन आज नाही.

५ एप्रिल २०२० आठवा. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचं आवाहन होतं. देशाची मागणी बघता बघता सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली गेली आणि लगेच परत वर आली. ते सांभाळलं मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी. देशभरच्या जलविद्युत संचांनी काही मिनिटांत सतरा हजार मेगावॅटच्या वर निर्मिती उतरवली आणि पुन्हा चढवली. कोळशाच्या संचाला हे जमणारं नव्हतं.

आणि एक. सगळं जाळं कोसळून अंधार झाला तर पहिली ठिणगी बहुधा जलविद्युत संचच देतो. त्याला सुरू व्हायला बाहेरची फार थोडी वीज लागते, डिझेल जनित्रावर भागतं. औष्णिक केंद्राला स्वतःचे पंखे-पंप फिरवायलाच बाहेरून भरपूर वीज घ्यावी लागते.

सई_का

गाईडव्हेन काका, वीजगृहाच्या आत काय चालतं त्याबद्दल लिहाल का? तिथे सहज कोणाला जाता येत नाही.

गाईडव्हेन

सई, जमेल तसं लिहितो.

डोंगरात शिरणाऱ्या बोगद्यातून गाडी आत जाते. बाहेर उन्हाळा असो की धो धो पाऊस, आत हवा कायम तशीच, दमट आणि तेलाचा वास असलेली. शेवटी अचानक उंच छताची गुहा उघडते आणि संच रांगेने उभे दिसतात. जुन्या टप्प्यांतली चाकं पेल्टन जातीची. चाकाच्या कडेला जोडवाट्यांसारखे पेले असतात, त्यांच्या मधल्या धारेवर पाण्याचा झोत आपटतो. दाब इतका की झोत काचेच्या कांबीसारखा घट्ट दिसतो. भार एकाएकी गेला तर डिफ्लेक्टर झोताच्या आड येतो आणि पाणी चाकावरून बाजूला वळवतो, कारण एवढ्या उतारावरचं पाणी झटक्यात बंद केलं तर नळीतला दाब भलता चढेल. नळ सावकाश बंद करायचा, झोत मात्र क्षणात वळवायचा.

मला सगळ्यात आवडायचं ते सिंक्रोनायझिंग, म्हणजे फिरता संच जाळ्याला जोडणं. कळव्याच्या एलडीचा, म्हणजे भार प्रेषण केंद्राचा, फोन यायचा की अमुक संच घ्या. संच फिरवायचा, वेग आणि व्होल्टेज जाळ्याशी जुळवत आणायचं. पॅनेलवर सिंक्रोस्कोप नावाची घड्याळासारखी तबकडी, एकच काटा. तो घड्याळाच्या दिशेने अगदी सावकाश फिरायला हवा. बाराला पोचायच्या जरा आधी, अकरा पंचावन्नच्या आसपास, ब्रेकर (जोडणीचा खटका) मारायचा, म्हणजे संपर्क जुळेपर्यंत काटा बरोबर बारावर येतो. नीट जमलं तर पायाखालच्या फरशीला काही कळत नाही. चुकलं तर सगळ्या गुहेला दणका बसतो. आता हे काम आपोआप होतं, पण नव्या मुलांना हाताने करायला शिकवलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

देखभालीत पेल्यांची तपासणी सगळ्यात नाजूक. पेल्याच्या मुळाशी लाल रंगाचा पातळ डाय लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसून घ्यायचा आणि वरून पांढरी पावडर फवारायची. कुठे केसाएवढी भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ती दिसली की संच चालू करायचा नाही, मग वरून कितीही फोन येवोत. घासून, वेल्डिंग करून, पुन्हा तपासूनच.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. सगळे सांगली आणि मुंबई बोलताहेत, मधे कोकण आहे याची आठवण करून देतो.

वीज करून झालेलं पाणी, ज्याला आम्ही अवजल म्हणतो, ते वाशिष्ठीत येतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. 'समुद्राला सोडून देतात' हे अर्धं खरं आहे. उन्हाळ्यात वाशिष्ठीला जे पाणी असतं ते कोयनेचं. कोकणात चार महिने धुवाधार पाऊस आणि मार्चनंतर विहिरी तळाला, ही आमची स्थिती. वीजनिर्मिती काही दिवस बंद राहिली की चिपळूण शहराच्या पाणीपुरवठ्याला लगेच फटका बसतो. खाडीचं खारं पाणी भरतीला वर चढतं ते वेगळंच. त्यामुळे वीज बंद करा म्हणताना आमच्या पिण्याच्या पाण्याचाही विचार व्हावा.

पण पोफळीकर, तक्रारही आहे. नदीची पातळी तुमच्या संचांच्या वेळेप्रमाणे वरखाली होते. कपडे धुवायला गेलेल्या बाईला ते कसं कळणार? आणि २२ जुलै २०२१ चा पूर आम्ही विसरू शकत नाही. बाजारपेठेत पहिला मजला बुडाला. आमच्या ओळखीच्या दुकानदाराने गाळातून वह्या काढून उन्हात वाळत घातल्या होत्या, उधारीच्या. एकही अक्षर लागत नव्हतं. त्या दिवशी पावसाने कहर केला, भरती होती, नदीत गाळ होता, हे सगळं मान्य. पण कोळकेवाडीतून त्या रात्री पाणी किती वाजता किती आलं, हा प्रश्न गावात आजही विचारला जातो. अशा वेळी वीजगृहातून येणाऱ्या पाण्याचे आकडे तासातासाला लोकांच्या मोबाइलवर आले पाहिजेत.

आणि साठ वर्षं एवढं पाणी दारावरून जातंय, तरी आमच्या डोंगरउतारावरच्या वाड्यांना टँकर. हे पाणी मुंबईला न्यायच्या योजना बोलल्या जातात, कोकणच्या शेतीला द्यायच्याही बोलल्या जातात. नदीकाठच्या पट्ट्यापलीकडे प्रत्यक्ष फार काही पोचलेलं नाही.

निशिगंध

मग अवजल परत वर का चढवत नाहीत? खाली धरण आहे, वर धरण आहे. दुपारची जादा सौर वीज वापरून पाणी शिवसागरात परत टाकायचं. सांगलीही खूश, वीजही खूश.

पन्नास_हर्ट्झ

कल्पना योग्य आहे, तिला उदंचन म्हणतात. महाराष्ट्रात घाटघरला २५० मेगावॅटचं केंद्र याच पद्धतीने चालतं आणि भिऱ्याला टाटांचा १५० मेगावॅटचा संच आहे. आता शिरवटा आणि भिवपुरी इथे मोठे प्रकल्प करायचं टाटा पॉवरने २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार करून ठरवलं आहे, दोन्ही मिळून २८०० मेगावॅट.

पण कोयनेच्या आजच्या संचांनी ते होणार नाही. पेल्टन चाक उलटं फिरवून पंप होत नाही. वेगळी यंत्रं, वेगळे बोगदे लागतील, आणि कोळकेवाडीचा जलाशय शिवसागराच्या मानाने फारच लहान. हिशेब असा की एक घनमीटर पाणी खाली येताना सव्वा युनिटाच्या आत देतं आणि परत चढवायला दीड युनिटाहून जास्त घेतं. दुपारची वीज फुकटासारखी असेल तर संध्याकाळसाठी हा सौदा परवडतो. पण चढवलेलं पाणी पूर्वेला शेतीसाठी सोडलं तर तो उपसा झाला, आणि पावणेपाचशे मीटरहून जास्त उंचीचा उपसा टेंभूलाही परवडत नाही. तेवढ्यासाठी पाणी मुळात खाली न सोडणंच स्वस्त.

देशमुखवाडीची_नात

बराच वेळ वाचतेय. लिहू की नको असं झालं होतं.

माझ्या आजोबांची जमीन शिवसागराखाली आहे. आम्ही आता रायगड जिल्ह्यात असतो. धरणासाठी शंभराच्या आसपास गावं उठली आणि माणसं सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली. एका गावची भावकी पाच जिल्ह्यांत. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला, देशात असा पहिला. पण तोवर आमचं उठून वीस वर्षं होत आली होती. लाभक्षेत्रात, म्हणजे धरणांचं पाणी मिळणाऱ्या भागात, जमीन मिळायची, कोणाला मिळाली, कोणाला कागदावर मिळाली, कोणाला दाखवलेल्या जमिनीवर आधीच दुसऱ्याचं पीक उभं होतं. माझ्या वडिलांचं अर्धं आयुष्य एका कार्यालयात दाखल्यासाठी खेटे घालण्यात गेलं. धरणग्रस्तांच्या संकलन यादीत आजोबांच्या नावात एक काना राहिला होता, तेवढ्यावर प्रकरण अडलं. २०१८ मध्ये कोयनानगरला धरणग्रस्त महिनाभराच्या आसपास ठाण मांडून बसले होते. तेव्हा तिसरी पिढी त्या मंडपात होती.

जलाशयाच्या पलीकडच्या तीरावर ज्या वस्त्या राहिल्या त्यांना लाँचशिवाय वाट नाही, आणि वर अभयारण्याचे नियम. पाणी कोणाला द्यायचं यावर तुम्ही सगळे पोटतिडकीने बोलताय, ते योग्यच आहे. माझं म्हणणं एवढंच की चार कोटी युनिट प्रतिटीएमसी असा हिशेब मांडता येत असेल, तर त्यातले काही पैसे प्रतियुनिट धरणग्रस्तांच्या राहिलेल्या पुनर्वसनासाठी बाजूला काढायचाही हिशेब मांडता येईल.

माणदेशी

ताई, तुमच्या प्रतिसादाला काय उत्तर द्यावं. आमच्या तालुक्याशेजारी कोयनेची वसाहत आहे. तिथल्या म्हाताऱ्या अजून पावसाळ्यात भात लावायच्या गोष्टी सांगतात, आमच्या माळावर. तुमचा मुद्दा सगळ्यात आधीचा आहे आणि मी तो मनापासून मानतो.

प्रस्तर

भूकंपाचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो, कारण वीजनिर्मितीशी त्याचा संबंध आहे.

११ डिसेंबर १९६७, पहाटे. ६.३ तीव्रतेचा धक्का, १८० च्या आसपास माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं. धरणाच्या उंच भागात आडव्या भेगा पडल्या, पण भिंत उभी राहिली. नंतर मागून टेकू देऊन ती बळकट केली. जलाशयामुळे चेतवलेल्या भूकंपांचं जगातलं सगळ्यात अभ्यासलेलं ठिकाण कोयना आहे. खडकात आधीच ताण साठलेला असतो, जलाशयाचं पाणी भेगांमधून खोल झिरपतं, तिथला दाब वाढतो आणि खडक सरकायला निमित्त मिळतं. पाणी भूकंप 'तयार' करत नाही, हे लक्षात घ्या. कराडजवळ यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि तिने पाटण तालुक्यात तीन किलोमीटर खोल विवर खोदून अभ्यास चालवला आहे.

संबंध असा की पातळी किती आणि किती वेगाने चढते-उतरते याकडे भूशास्त्रज्ञांचं लक्ष असतं. त्यामुळे 'मेमध्ये सगळं खाली करा' किंवा 'जूनपर्यंत भरलेलं ठेवा' असे निर्णय नुसत्या वीज-शेतीच्या हिशेबाने घेऊ नयेत.

पोफळीकर

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा वाचले. नातीच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्या वसाहतीत दिवे कधी गेले नाहीत आणि समोरच्या डोंगरावरच्या वाडीत कंदील, हे मी लहानपणी रोज पाहिलंय. महानिर्मिती ही राज्याची वीज कंपनी केंद्र चालवते, जलसंपदा विभागाने ते बांधलं, दोघांत भाडेपट्टा आहे. म्हणजे पैसा कुठून कुठे जातो ते कागदावर आहेच. त्यात धरणग्रस्तांचा वाटा बसवणं अशक्य नाही.

माणदेशी, तुमच्याशी माझा वाद राहिलेला नाही, फक्त 'बंद करा' या शब्दापाशी आहे. अवर्षणाच्या वर्षी विजेचं पाणी कमी करावं हे मला मान्य. तोटा झाला तरी मान्य. पण उरलेलं पाणी संध्याकाळच्या तासांसाठीच राखावं, दुपारी किंवा मध्यरात्री एक थेंबही वापरू नये. चाळीस टीएमसी नीट वापरलं तर ते साठ टीएमसी कसंही वापरल्यापेक्षा राज्याच्या जास्त कामाचं.

माणदेशी

हे पटतंय. आमच्या योजनांचं ८१ टक्के वीजबिल सरकार भरतं, १९ टक्के आम्ही. पंप संध्याकाळच्या त्या चार तासांत बंद ठेवून दुपारच्या सौर विजेवर जास्त चालवले तर कोयनेवरचा भार आमच्याकडूनही हलका होईल. हे आमच्याकडच्या पाणी वापर संस्थेच्या बैठकीत मांडायचा विचार आहे. पण निर्णय कधी होतो ते महत्त्वाचं. मार्चमध्ये ओरड झाल्यावर पाणी सोडतात, तोवर बहार गेलेला असतो.

गाईडव्हेन

बरोबर बोललात. पंधरा ऑक्टोबरचा साठा बघून वर्षाचं नियोजन होतं. धरण भरलं नसेल तर त्याच बैठकीत ठरवून टाकायचं की पश्चिमेला किती आणि महिन्यागणिक पूर्वेला किती. वीज केंद्राला ऑक्टोबरातच आकडा कळला तर संचांची दुरुस्ती त्याप्रमाणे लावता येते, ज्या महिन्यात पाणी कमी तेव्हा संच उघडायचे. एप्रिलमध्ये अचानक पाणी तोडलं तर दोन्हीकडून नुकसान. आणि वाशिष्ठीकाठ यांनी म्हटलेलं तासाचं वेळापत्रकही त्याच नियोजनातून निघेल. संच कधी चालणार ते आदल्या दिवशी ठरतंच, भार प्रेषण केंद्राला ते कळवावं लागतं. तोच कागद चिपळूणला पाठवायचा.

वाशिष्ठीकाठ

काका, हे इतकं सोपं असेल तर मी इथल्या नगरपरिषदेला लेखी देतो. मसुदा तुम्ही बघून द्याल का? तांत्रिक शब्द नेमके हवेत.

गाईडव्हेन

जरूर. व्यक्तिगत निरोपातून पाठवा. दोन गोष्टी आत्ताच टिपून ठेवा. एक, नुसते मेगावॅट मागू नका, क्युसेक मागा. आणि कोळकेवाडीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडा मागा, पोफळीचा नको, कारण मधे जलाशय असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी सारखे नसतात.

देशमुखवाडीची_नात

मसुदा झाला की इथेही टाका. आमच्या अर्जात प्रतियुनिट वाट्याचा मुद्दा घालायचा आहे, त्यासाठी वार्षिक युनिटांचा हिशेब गाईडव्हेन काकांनी मांडला तसाच वापरते.